मागे राहिलेल्यांची यादी

२७ जानेवारी १९७९, शनिवार

काल गिरणीतल्या झेंडावंदनाला नत्थूच्या छातीवरची मेडलची फीत उपटली. हातानं उपटली — टाके तुटले, खिशाचं कापड फाटलं. साठ माणसांसमोर.

हे त्यानं आपणहून सांगितलं नाही. सकाळी आला, घडी केलेला शर्ट यमूपुढे ठेवला आणि म्हणाला, "वहिनी, एवढं शिवून द्या ना जी. कौसल्याची नजर नाही पोचत बारीक कामाले." यमू शिवत बसली, मी विचारत बसलो. तेव्हा थोडं थोडं बाहेर आलं. नत्थू दोन वर्षांपासून उमरेड रोडवरच्या सूतगिरणीत पहारेकरी आहे. तिथे आनंदराव नावाचा नवा सुरक्षा अधिकारी आलाय. त्यानं सगळ्या माजी सैनिकांची डिस्चार्ज बुकं मागवली आणि ज्याच्या त्याच्या छातीवरच्या फितींशी ताडून पाहिली. नत्थूच्या बुकात पूर्वी स्टार नाही. एकाहत्तरला पूर्वेच्या मोर्चावर जे गेले त्यांना मिळालेलं ते मेडल. नत्थूच्या बुकात लिहिलंय 'रिअर पार्टी'. म्हणजे पलटण लढायला गेली आणि हा गडी मागे छावणीत रिकाम्या बराकींना कुलपं लावत बसला!

"चोरीचं मेडल लावून फिरते हा," असं आनंदराव फीत उपटताना म्हणाला म्हणे.

नत्थू आणि रिअर पार्टीत? नदी ओलांडली त्या दिवशी पाणी छातीपर्यंत होतं. ऑफिसच्या टाइपरायटरची लाकडी पेटी नत्थूनं डोक्यावर घेतली होती. मी त्याच्या मागे दोन हातांवर. पलीकडून गोळे येत होते आणि हा एका हातानं पेटी धरून दुसऱ्या हातानं मला सांगतोय, "इकडून या साहेब, तिकडे खोल हाय." पेटीत पाण्याचा एक थेंब गेला नाही. मी त्याच संध्याकाळी त्या मशीनवर जखमींची यादी टाइप केली.

आणि फीत मीच दिली होती त्याला! माझ्या ट्रंकेतल्या डब्यातली. तो नको म्हणत होता. मीच म्हटलं, मेडल सरकारी घोळात अडकलं असेल, येईल तेव्हा येईल, फीत तर लाव.

आता त्याला घरी बसवलंय. तीस जूनपर्यंत दुरुस्त झालेलं रेकॉर्ड आण, नाहीतर नोकरी गेली आणि वर पोलिसात तक्रार. ज्यानं पेटी डोक्यावर नेली त्याच्यावर चोरीची तक्रार.

२९ जानेवारी, सोमवार

नत्थूला घेऊन माजी सैनिकांचे अर्ज घेणाऱ्या त्या सरकारी ऑफिसात गेलो. ऑफिसचं नाव या वहीत लिहायचीही इच्छा नाही. जिन्याच्या दोन्ही कोपऱ्यांत तंबाखूच्या खर्‍याच्या पिचकाऱ्या, वाळलेल्यांवर ओल्या. शिपाई स्टुलावर बसून पायाची नखं काढतोय आणि नखं पडतायत कुणाच्या तरी फाइलीवर. मी म्हटलं, "अरे, त्या फाइलीत कुणाचं तरी आयुष्य आहे." तर म्हणतो, "हाव का? मले वाटलं रद्दी होय."

आतला क्लार्क शरच्चंद्र. पंचवीस-सव्वीसचा असेल. सर्दी झालेली. दर दोन वाक्यांनंतर रुमाल काढायचा, नाक पुसायचं, रुमालात पाहायचं आणि त्याच हातानं अर्ज चाळायचे. मी अर्ज चार प्रतींत टाइप करून नेला होता. समास बरोबर, परिच्छेदांना आकडे, सोबतच्या कागदांची यादी वेगळी. त्यानं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "अर्जदाराचा जबाब घ्यावा लागेल. तुम्ही बाहेर बसा."

"मी साक्षीदार आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच बाहेर बसा."

म्हणजे बावीस वर्षं पलटणीच्या ऑफिसात काढलेल्या हवालदाराला हे पोर नियम शिकवणार! बाहेर बाकावर बसलो. तीन पायांचा बाक, चौथ्याच्या जागी विटा. अर्धा तास मनातल्या मनात त्या शरच्चंद्राच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

नत्थू बाहेर आला. "काय विचारलं रे?"

"काही नाही जी. नाव, गाव, पलटण."

"एवढ्याला अर्धा तास?"

"लिवायले टाइम लागते त्याले," नत्थू म्हणाला आणि चपला घालून जिना उतरायला लागला.

३० जानेवारी

रागानं झोपून उठल्यावरही राग तसाच. भिंतीवरचं सर्टिफिकेट काढून पुसलं. 'हवालदार महादेव गोंडाणे' हे नाव आणि कर्नल साहेबांची सही आहे त्यावर — बावीस वर्षांत एकही चुकीची नोंद नाही. मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचो: कागदावर नाही ते घडलंच नाही. म्हणून लिहिताना मरेपर्यंत काळजी घ्या. यादीत एक नाव इकडचं तिकडे झालं तर एखाद्याचा संसार उठतो. नत्थूची यादी ज्या गाढवानं टाइप केली त्याला हे कुणी सांगितलं नसावं.

१४ फेब्रुवारी

उत्तर नाही. शरच्चंद्र म्हणतो, "पाठवलंय." कुठे, कधी, कोणत्या नंबरानं — काही नाही.

२ मार्च

परत गेलो. आता खोकला झालाय त्याला. टेबलावर चहाचा ग्लास, वर साय, सायीत माशी. त्यानं माशी बोटानं काढली आणि चहा प्यायला. तसाच परतलो.

१९ मार्च, सोमवार

उत्तर आलं. तीन ओळी. नोव्हेंबर एकाहत्तरच्या यादीप्रमाणे अर्जदार रिअर पार्टीत. नंतर दुरुस्तीचा आदेश निघाल्याची नोंद नाही. सबब अर्ज विचारात घेता येत नाही.

सबब! हा शब्द मीही हजार वेळा टाइप केला असेल. आज तो वाचून तोंड कडू झालं.

पद्धत मला ठाऊक आहे. रिअर पार्टीची यादी एकदा निघाली की ती पक्की. त्यातला माणूस ऐनवेळी पुढे गेला तर दुसरा कागद काढायचा, दुरुस्तीचा आदेश. तो काढला नाही तर माणूस कुठेही जाऊन मरो, कागदावर तो छावणीतच. म्हणजे काय झालं ते उघड आहे. नत्थूचं नाव कुणीतरी यादीत घातलं, नत्थू पलटणीबरोबर पुढे गेला आणि त्या क्लार्कनं दुसरा कागद काढायचा कंटाळा केला. पाच ओळींचा कागद. पाच मिनिटांचं काम!

शरच्चंद्रला म्हटलं, "माझी साक्ष घ्या. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मित्राची साक्ष नाही चालत हो. यादी तयार करणाऱ्या क्लार्कनं स्वतः लिहून दिलं असतं, की चूक माझी, दुरुस्तीचा आदेश माझ्याकडून राहिला, तर आठ दिवसांत काम झालं असतं."

"मग त्याला शोधा."

"तो मार्ग बंद आहे."

"काहून बंद आहे?"

त्यानं फाइल उघडली, पहिलं पान पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फाइल मिटली. "बंद आहे. जबाबाचा कागद आहे, दाखवता येत नाही."

आळशी! शोधायचं म्हणजे पत्रं लिहावी लागतील, म्हणून मार्ग बंद. मी तिथल्या तिथे दुसरा अर्ज लिहिला — मूळ यादीची नक्कल मिळावी. खाली टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं असतातच. मीच शोधतो त्या गाढवाला. कॉलर धरून आणतो.

२१ मार्च

नत्थूला सांगितलं, यादीची नक्कल मागवलीय. मला वाटलं खूश होईल. तो खाटेचा सुंभ ओढत होता. हात थांबले.

"कायले मागवली जी?"

"कायले म्हणजे? त्या क्लार्कचं नाव कळेल."

"कळून काय करता? म्हातारा झाला असन. मेलाही असन." मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तो अर्ज वापस घ्या, साहेब. मी दुसरीकडे पाहतो काम. कोराडीले ठेकेदार माणसं घेऊन राहिला."

"आणि चोर म्हणवून घेतोस?"

"म्हणू द्या ना! एक आनंदराव म्हणते, म्हणू द्या."

इतक्या वर्षांत नत्थूनं माझ्यापुढे आवाज चढवला नव्हता. आज चढवला. त्याची पोरगी विजया पाटीवर काहीतरी गिरवत होती, तिनंही मान वर केली. सात वर्षांची आहे. लढाई चालू असतानाच जन्मली, म्हणून विजया.

काय माणसं असतात! स्वतःसाठी भांडायची हिंमत नाही आणि दुसरा भांडतो तर त्याच्यावर चिडायचं. नत्थूचाही वीट आला आज मला.

१४ एप्रिल, शनिवार

जयंतीची मिरवणूक. दरवर्षी आम्ही माजी सैनिक पुढे असतो, मेडलं लावून, आणि नत्थू माझ्या डाव्या हाताला. यंदा डावी बाजू रिकामी. बोलवायला गेलो तर म्हणाला, पाय दुखतो.

वस्तीत बातमी पसरली आहेच. पानठेल्यावर एकजण दुसऱ्याला म्हणाला, "तो सोमकुवर होय ना, खोट्या मेडलवाला." मी ऐकलं. वळून त्याला चार शब्द ऐकवले. त्याच्या तोंडात पान होतं, त्यानं ते न थुंकता तसंच हसून दाखवलं. लाल दात. सबंध मिरवणुकीत मला ते दात दिसत राहिले.

कौसल्या, नत्थूची बायको, निळी साडी नेसून बायकांच्या घोळक्यात होती. माझ्याशी बोलायला म्हणून आली. "भाऊजी," एवढंच म्हणाली आणि परत फिरली.

६ मे, रविवार

उमरेडला गेलो. एसटीत घामाचा आणि ओकारीचा वास. खिडकीजवळचा माणूस सबंध रस्ता बाहेर थुंकत होता आणि वारा आत येत होता. पण जायलाच हवं होतं.

मार्चपासून डोकं लढवत होतो. एकाहत्तरला ऑफिसात आम्ही तिघं. हेडक्लार्क बाबाराव — ते वारले. मी. आणि लान्सनाईक देवराव, उमरेडचा. झोपाळू. टाइप करताना जांभया द्यायचा. ओळी वाकड्या. दुसरा कोण असणार?

देवराव आता घरच्या हातमागावर बसतो. मला पाहून मागावरून उतरला, कडक सलाम ठोकला, बायकोला चहा टाकायला सांगितलं. मी उभ्या उभ्याच विचारलं, "नत्थूचं नाव रिअर पार्टीत कुणी घातलं?"

"मले काय माहीत साहेब."

"दुरुस्तीचा आदेश काहून नाही काढला तू?"

तो म्हणाला, "थे यादी मी टाइप नाही केली. रिअर पार्टीच्या यादीले तुमी मले हात लावू देत होते काय? तुमीच म्हणत होते, देवराव, महत्त्वाच्या कागदापासून दूर बस."

"मग काय बाबारावांनी केली? मेलेल्या माणसावर ढकलतोस?"

"मी कोणावर ढकललं जी?" देवराव म्हणाला. "चहा घ्या. ऊन लई हाय."

चहा घेतला नाही. निघालो. त्याची बायको कपबशी घेऊन दारात उभी होती, तिला ओलांडून गेलो. खोटं बोलणाऱ्या माणसाच्या घरचं पाणीही नको. मान खाली घालून कबूल केलं असतं तर मी त्याला माफ केलं असतं. पण नाही! आणि वर मलाच टोमणा.

७ मे

त्या ऑफिसला पत्र टाकलं. क्लार्क सापडला आहे, नाव देवराव, पत्ता अमुक अमुक, कबूल करत नाही, वरून दबाव आणावा.

४ जून

उकाड्यानं जीव नकोसा झालाय. सगळं गाव आभाळाकडे बघतंय. स्कायलॅब डोक्यावर पडणार म्हणे. मी पोस्टमनकडे बघतोय. सव्वीस दिवस उरलेत.

१८ जून, सोमवार

शरच्चंद्रनं बोलावणं पाठवलं होतं. नक्कल आली. लिफाफा बंद होता. म्हणाला, "नियमाप्रमाणे अर्ज तुमचा, उघडा तुम्ही." आज त्याला सर्दी नव्हती. मी तिथे उघडला नाही. त्याच्यासमोर त्या गाढवाचं नाव वाचायचं नव्हतं. घरी आणला, हातपाय धुतले, चष्मा पुसला.

बावीस नावं नंबरवार. आणि बाविसाव्याच्या खाली, नंबर सोडून, तेविसावं — सोमकुवर नत्थू. मागाहून घातलेलं. मशीन तीच, पण ओळ जरा खाली सरकलेली, कागद काढून परत लावल्यावर सरकते तशी.

खाली डाव्या कोपऱ्यात शाईनं, हातानं लिहिलेली आद्याक्षरं. म. गो. महादेव गोंडाणे. गो चा काना मी लांब ओढतो आणि खाली वळवतो. इथेही तोच वळण घेतलेला काना.

किती वेळ बसलो होतो कुणास ठाऊक. यमू दोनदा येऊन गेली.

मग आठवलं. एकदम नाही, ओढून ओढून. नत्थूला त्या वेळी वाचता येत नव्हतं. घरची पत्रं मीच वाचून दाखवायचो, उत्तरंही मीच लिहायचो. त्या नोव्हेंबरात कौसल्यानं कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं पत्र आलं. नत्थूला नव्हे, मला. दोन लेकरं गेली, भाऊजी. आता तिसऱ्यांदा दिवस गेलेत, नववा लागला. यांना मागे ठेवता आलं तर पाहा. मी नत्थूला दाखवलं नाही. यादी मशीनवरून उतरली होती, ती परत लावली आणि तेविसावं नाव टाइप केलं. क्लार्कच्या हातात एवढंच असतं, तेवढं मी केलं. त्या दिवशी मला स्वतःचं फार बरं वाटलं होतं, हेही आठवतंय.

संध्याकाळी यादी बोर्डावर लागली. कुणीतरी वाचून दाखवली आणि नत्थू ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. चेहरा काळवंडलेला. "काहून केलं हे, साहेब? मी काय भेकड होय?" तो सरळ सुभेदार साहेबांकडे गेला. ते तोंडानंच म्हणाले, चल तू. मी म्हटलं, "उद्या सकाळी दुरुस्तीचा आदेश काढतो." सकाळी मशीन पेटीत भरली, पेटी गाडीत चढली. गाडीत म्हटलं, तिथे पोचल्यावर. तिथे पोचल्यावर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. बहात्तरच्या जुलैत मी पेन्शनवर निघालो. मेडलं नंतर आली.

विसरलो होतो का? की विसरणं बरं वाटलं म्हणून विसरलो? खरंच सांगता येत नाही. पाच ओळींचा कागद.

१९ जून

नक्कल ट्रंकेत, गरम कपड्यांखाली. यमूनं विचारलं, काय आलं? म्हटलं, अजून काही नाही.

२० जून

आज कुणालाच भेटलो नाही. सर्टिफिकेट भिंतीवरच आहे. काढलं तर यमू विचारेल.

२१ जून, गुरुवार

कौसल्या आली. विजयाला बरोबर घेऊन. नत्थू कोराडीला ठेकेदाराकडे गेला होता, वीजकेंद्रातल्या राखेच्या कामावर. ती दाराच्या आतच बसली, खुर्चीवर बसली नाही.

"काही आलं का भाऊजी?"

"नाही."

"आता नऊ दिवस राहिले." मग विजयाला म्हणाली, जा, मोठ्या आईजवळ जाऊन बस. पोरगी आत यमूकडे गेली. कौसल्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बोलत होती. "माह्यामुळेच झालं हे. मी चिठ्ठी पाठवली होती ना तवा तुमाले. मले वाटे हे मागे राह्यले तर हे लेकरू तरी जगन. लेकरू जगलं. हे तिकडे गेले तरी जगलं. मंग मी कायले लिवली ती चिठ्ठी?"

"हे मले रागावतात. म्हणतात, चिठ्ठीचं कोणाजवळ बोलायचं नाही. तुमच्याजवळ तर बिलकुल नाही. तुमाले वाईट वाटन म्हणून. पण मले राहवलं नाही. माही चूक हाय असं लिहून दिलं तर चालन का भाऊजी? बाईमाणसाचं चालते का?"

मी म्हटलं, "पाहतो."

पाहतो! ट्रंक तिच्यापासून चार हातांवर होती. ती गेल्यावर मोरीत जाऊन चूळ भरली, दोनदा भरली, तरी तोंडाची चव जाईना. जिन्यातल्या पिचकाऱ्यांची किळस करणारा मी. पाच महिने देशातल्या झाडून सगळ्या क्लार्कांची किळस करणारा मी.

२४ जून, रविवार

यमूला सगळं सांगितलं. वाटलं होतं रडेल किंवा रागवेल. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. सुपातला खडा बाजूला टाकत म्हणाली, "मंग उद्या सोमवार हाय ना. ऑफिस उघडते."

देवरावला पोस्टकार्ड लिहिलं. दोन फाडली, तिसरं टाकलं. 'यादी माझी होती. तुझ्यावर आळ घेतला, त्या ऑफिसलाही तुझं नाव कळवलं, ते उद्या मागे घेतो. तुझ्या बायकोच्या हातचा चहा राहिला आहे.' एवढंच जमलं.

सर्टिफिकेट उतरवलं. मागे भिंतीवर पांढरा चौकोन राहिलाय.

२५ जून, सोमवार

प्रतिज्ञापत्र दिलं. यादी मी केली, नाव मी घातलं, आदेश माझ्याकडून राहिला. देवरावबद्दलचं पत्र रद्द. शरच्चंद्रनं दोनदा वाचलं, शिक्का मारला, आनंदरावांच्या नावाचं पत्र तिथेच बसून लिहिलं आणि म्हणाला, तीस तारखेच्या आत होईल. मग फाइलीचं पहिलं पान उघडून माझ्याकडे फिरवलं. "आता दाखवायला हरकत नाही."

नत्थूचा जबाब. तारीख २९ जानेवारी. प्रश्न: सदर यादी कोणत्या क्लार्कने केली? उत्तर: तो क्लार्क वारला. भला माणूस होता. त्याच्या घरच्या लोकांना त्रास देऊ नये. खाली नत्थूची सही. ती करायला त्याला मीच शिकवलं होतं.

मी तेव्हा बाहेर, त्या तीन पायांच्या बाकावर बसलो होतो.